रातपाळीचं मिक्सिंग

न केलेली चूक तुम्ही कधी कबूल केली आहे का? पोलिसांच्या धाकानं नव्हे, नोकरी टिकवण्यासाठी नव्हे. तशी कबुली या देशात माणसं रोज देतात आणि त्यांच्यासाठी आम्ही पत्रकं काढतो. मी विचारतोय ते निराळं आहे. समोर बसलेल्या माणसाच्या वाट्याची चूक उचलायची, ती माझीच म्हणून सांगायची, आणि पुन्हा कधीही ती खाली ठेवायची नाही. असं करणारा एकच माणूस मी पाहिला. माधवनगरचे नंदूसर, म्हणजे नंदकुमार शेटे. त्यांच्या बाजूनं कुणी पत्रक काढलं नाही. हे त्यांचं पत्रक समजा.

मी साताऱ्याचा. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यामुळे आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. संपाची, मोर्च्यांची, धरणग्रस्तांची. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. कॉलेजात गेल्यावर मीच ती लिहायला लागलो, आणि वाटायलाही. माधवनगरला गिरणीचा भोंगा थांबल्यावर तिथंही पिशवीभर घेऊन गेलो. पत्रक घेणारा माणूस सहसा ते घडी करून खिशात घालतो, नाहीतर त्यात शेंगदाणे बांधतो. एक माणूस मात्र रस्त्याच्या कडेला सायकल लावून ते दोन्ही बाजूंनी वाचत उभा राहिला. वाचून झाल्यावर म्हणाला, "सगळं बरोबर लिहिलंयस. पण यात गिरणीचा आवाज कुठाय?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी मला घरी नेलं, वहिनींना चहा सांगितला आणि टेपरेकॉर्डर लावला. आधी नुसती खरखर, मग एकदम घरभर माग सुरू झाले. त्यांचे वडील मागखात्यात होते. गिरणी चालू असताना सरांनी खात्याच्या दारात उभं राहून तो आवाज भरून ठेवला होता. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि कॅसेट थांबेपर्यंत उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मामंजी जेवायला आल्यासारखं वाटतं." माझी उरलेली पत्रकं त्या दिवशी तिथंच राहिली.

सर सांगलीत एका आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीच्या वर्गाला शिकवायचे. बारीक अंगकाठी, मान कायम थोडी डावीकडं कललेली, आणि खिशात पेनाच्या जागी टेस्टर. सही करायची वेळ आली की समोरच्याकडं पेन मागायचे. हॉटेलात बसले की आधी पंखा ऐकायचे. बेअरिंग कुरकुरत असलं तर मालकाकडं स्टूल आणि थेंबभर तेल मागायचे, आणि मालक ओशाळून भजी पुढं करायचा. एकदा आम्ही लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. मंगलाष्टकांपासून माइक शिट्टी मारत होता. सरांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली, उठले, मंडपवाल्याशी दोन शब्द बोलून माइकची दिशा फिरवली, कर्ण्याचं तोंड वळवलं. शिट्टी थांबली. परत येतात तो वाढप्यानं त्यांचं पान उचललेलं. पानावर दोन जिलब्या होत्या. ते पुढच्या पंगतीला बसले आणि मला म्हणाले, "आता कसं, जेवताना ऐकू येतंय."

माणसांवर ते फारसं रागावत नसत. राग यायचा तो बिघडलेलं मशीन चांगलं म्हणून देणाऱ्याचा. सातारा-सांगली रस्त्यावरच्या निम्म्या बँडवाल्यांचे अँप्लिफायर त्यांच्याकडं दुरुस्तीला यायचे, आणि त्यांच्या हातून बाहेर पडलेलं मशीन परत आलं असं कुणी सांगत नसे. पट्टा नवा घालतील, हेड स्पिरिटनं पुसतील, आणि एवढं करून ते दिवसभर घरात चालू ठेवतील. वहिनी वैतागायच्या. वर्गातल्या पोरांना त्यांचं एकच सांगणं होतं: मशीन कधी खोटं बोलत नाही, बोलतो तो मशीनवाला. हे वाक्य लक्षात असू द्या. पुढं त्यांनी याच वाक्यावर पाय ठेवला.

वाईच्या गिरीशमुळे गाण्याचं खूळ आलं. गिरीश वकिलाचा मुलगा, पुण्यातलं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून घरी आलेला. बरोबर एक इलेक्ट्रिक गिटार आणि होस्टेलवर भरून घेतलेल्या कॅसेटींची पिशवी. गिटारचा अँप्लिफायर दुरुस्तीला घेऊन तो माधवनगरला आला आणि त्यानं सरांना प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकवलं. एकेक गाणं कॅसेटची अख्खी बाजू खाणारं. मध्येच ताल बदलायचा, मध्येच सगळं थांबून एकच वाद्य बोलायचं, आणि मग कुठून तरी पहिली चाल परत यायची. गिरीश तावातावानं समजावत होता की इथं ताल मुद्दाम मोडतात. सर मान कलती करून ऐकत होते. म्हणाले, "मोडत नाहीत रे. पाळी बदलते."

त्यातून 'रातपाळी' निघालं. गिरणीच्या तीन पाळ्या, गाण्याचे तीन भाग, आणि सुरुवातीला सरांनी भरलेला मागाचा आवाज. शब्द मी लिहिले, चार पानं. सरांनी आठ ओळी ठेवल्या. मी तणतणलो. एवढ्या मोठ्या प्रश्नाला आठ ओळी? ते म्हणाले, बाकीचं भिंतीवर छान दिसेल, गाताना गिरीशला धाप लागेल.

ड्रम वाजवायला दत्ता होता. रहिमतपूरच्या बँडवाल्या तात्यांचा थोरला. तात्या क्लॅरिओनेट वाजवत बँडच्या पुढं चालायचे. दत्ता लहानपणी त्यांच्या मागून ताशा घेऊन चालला आणि मोठा झाल्यावर त्यानं कुठूनसा जुना ड्रमसेट मिळवला. सातच्या मात्रेत बसवलेला दुसरा भाग त्याला फार आवडायचा. म्हणायचा, "सर, ह्ये सातचं लय ग्वाड लागतंय. पन वरातीत लावलं तर नवरदेव घोड्यावरनं पडंल."

एकत्र जमून वाजवणं शक्यच नव्हतं. सरांची नोकरी, दत्ताची लग्नसराई, गिरीशला घरातून बाहेर पडायची चोरी. म्हणून सरांनी युक्ती काढली. आधी स्वतः कीबोर्डवर अख्खं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून भरलं. त्याची एक प्रत वाईला, एक रहिमतपूरला. ज्यानं त्यानं ती कानात लावायची, तिच्याबरोबर आपलं वाद्य वाजवायचं, आणि फक्त आपलं वाद्य दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर भरून पाठवायचं. सगळे एकाच कीबोर्डवर चाललेत म्हटल्यावर सगळे एकमेकांबरोबर असणार. शेवटी सर ते जुळवणार, कुणाचा आवाज किती ठेवायचा ते ठरवणार, म्हणजे मिक्सिंग करणार, आणि आपला कीबोर्ड काढून टाकणार.

काढून टाकणार? मी विचारलं. त्यात त्यांचं वाजवणं इतकं चांगलं होतं.

"ते सेंटरिंग आहे. स्लॅब भरला की काढायचं असतं."

कॅसेटी एसटीनं फिरायच्या. माधवनगरचे एक ड्रायव्हर सातारा गाडीवर होते, ते नेऊन द्यायचे. एकदा त्यांनी गिरीशची कॅसेट इंजिनाच्या झाकणावर ठेवली आणि भर उन्हाळ्यात ती तिथंच सांगलीपर्यंत आली. गिटार पाण्यातून वाजल्यासारखी डुलायला लागली. गिरीशनं फोनवर एसटी महामंडळाचा उद्धार केला. सरांनी तेवढा तुकडा पुन्हापुन्हा ऐकला आणि हेच राहू दे, असं मुद्दाम वाजवून दाखव बघू, असं त्याला कळवलं. तो तुकडा गाण्यात आहे.

दत्ताकडं भरायला मशीन नव्हतं. सरांनी आपला टेपरेकॉर्डर दिला. तो विजेवरही चालायचा आणि सेलवरही. देण्याआधी त्यांनी नेहमीसारखा तो दिवसभर चालवून पाहिला. मी तिथंच होतो.

पुढचं मला नंतर समजलं. ज्या दिवशी दत्तानं भरायला घेतलं त्या दिवशी रहिमतपूरची लाईट गेली. सरांची प्रत उसन्या वॉकमनवर कानाला लावून आणि टेपरेकॉर्डर सेलवर चालवून त्यानं अख्खं गाणं वाजवलं. लाईट आल्यावर बापाला ऐकवायला म्हणून घरच्या मोठ्या मशीनवर कॅसेट लावली. पहिला भाग बरा गेला. दुसऱ्या भागात ड्रम पळायला लागला, आणि तिसऱ्यात तर सुसाट सुटला. बँडची चार माणसं ऐकत होती. तात्यांनी कॅसेट बंद केली. बँडवाल्याच्या घरात चोरी केलेली एक वेळ खपते, ताल पळालेला खपत नाही. दत्ता सांगत होता की वाजवताना मी बरोबर होतो. त्यावर सगळे हसले. त्या लग्नसराईत तात्यांनी त्याला ड्रमवर बसवलं नाही. त्याच्या हातात खुळखुळा दिला. पंचविशीतला, दंडात बळ असलेला पोरगा वरातीत सगळ्यांच्या मागं खुळखुळा हलवत चालायचा.

कॅसेट मात्र त्यानं माधवनगरला पाठवली होती. बरोबर निरोप, की चुकलंय, लग्नसराई सरली की पुन्हा भरून देतो.

लग्नसराई सरायच्या आत दत्ता काविळीनं गेला.

सर, गिरीश आणि मी रहिमतपूरला गेलो. या गाण्यातली माणसं एका खोलीत आली ती त्या दिवशी पहिल्यांदा, आणि त्यातला एक नव्हता. तात्या भिंतीला टेकून बसले होते. येणाऱ्या प्रत्येकाला ते मुलाबद्दल काही ना काही सांगत होते. लहान असताना कढईवर ठोके देत बसायचा. आईला लय जीव लावायचा. सरांना म्हणाले, "तुमचं गानं भरायचं म्हनून कासावीस झालंता. लाईट न्हवती. मग मीच माझ्या ब्याटरीतलं सेल काढून दिलं. म्हटलं, वाजव गड्या." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पन पळाला. हात चांगला व्हता, घाई नडली."

 तेव्हा सरांनाही काही कळलेलं नव्हतं.

गिरीशचं म्हणणं, आता ड्रम मशीन वापरू. पुण्यात एक जण कॅसेट काढायला तयार होता, पण ताल स्वच्छ पाहिजे म्हणत होता. गिरीश दुष्ट नव्हता. दत्ताचं नाव आत छापू, गाणं त्याला अर्पण करू, असं तो कळवळून सांगत होता. सरांनी त्याला एकदाच उत्तर दिलं. "ज्याच्यावर आळ आहे त्यालाच गाण्यातून काढलं, तर आळ खरा ठरतो. थांब, मला ऐकू दे."

ऐकायला त्यांचा मुहूर्त मंगळवार दुपारचा. त्यांच्या गल्लीत यंत्रमाग होते. आठवडाभर इतका खडखडाट की कानाला काही वेगळं कळायचं नाही, आणि विजेचा दाबही वरखाली. मंगळवारी मागांना सुट्टी. म्हणून सर मंगळवारी अर्धी रजा टाकायचे. आयटीआयमध्ये लोकांना वाटायचं, हे कुठल्या देवाचं करतात. गल्ली शांत, वहिनी आत तांदूळ निवडत बसलेल्या, आणि सर फरशीवर मांडी घालून कानाला हेडफोन लावून बसलेले. कुठल्याशा ऑर्केस्ट्रावाल्याकडून त्यांनी चार वाद्यं वेगवेगळी भरता येणारं मशीन मागून आणलं होतं.

अशाच एका मंगळवारी त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानावर ठेवला. गाण्याच्या सुरुवातीला दत्तानं पितळी तास वाजवला होता, देवळात असतो तसा. गाण्याच्या शेवटीही तोच. सरांनी मला पहिला ऐकवला, मग शेवटचा. शेवटचा कितीतरी चढा होता.

"माणूस घाई करेल," सर म्हणाले. "पितळ कशाला करेल?"

मग त्यांनी मला समजावलं ते इतकं सोपं होतं की रडू यावं. सेल उतरत गेले की टेप हळू सरकते. हळू सरकत्या टेपवर भरलेलं नीट चालणाऱ्या मशीनवर लावलं की ते पळतं, आणि त्याचा सूरही चढतो. दत्ता शेवटपर्यंत बरोबर वाजवत होता. ब्याटरीतले जुने सेल उतरत होते.

हे कळल्यावर मी उडी मारली. आत्ताच्या आत्ता रहिमतपूरला जाऊ, तात्यांना सांगू, चार लोक हसले होते त्यांनाही बोलवू. सर हेडफोनची वायर गुंडाळत बसले होते. म्हणाले, आधी त्याला सरळ करू.

प्रत्येक टेपरेकॉर्डरच्या मोटरीत वेग कमीजास्त करायचा एक बारीक स्क्रू असतो. सरांनी घरातल्या एका जुन्या टेपरेकॉर्डरचा तो बाहेर ओढून घेतला आणि त्याच्यावर जुन्या रेडिओचं बटण बसवलं. दत्ताची कॅसेट या मशीनवर लावायची, आणि ती वाजत असताना अंगठ्यानं बटण अगदी सावकाश मागं फिरवत न्यायचं, ज्या गतीनं त्या दिवशी सेल उतरले त्याच गतीनं. थोडं जास्त फिरलं की दत्ता आळशी व्हायचा, कमी फिरलं की पुन्हा घाईचा. मधल्या एका बारीक रेघेवर तो होता. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. किती मंगळवार गेले मला सांगता येणार नाही. पावसाळा गेला, गणपती गेले. सरांच्या अंगठ्याला घट्टा पडला. मध्ये कधीतरी वहिनी म्हणाल्या, पोटच्या पोराचा हात धरून चालवावं तसं चालवताय. त्यांना मूल नव्हतं. सरांनी ऐकलं नाही, कानावर हेडफोन होता.

आणि एका मंगळवारी दत्ता पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत सरळ चालत गेला. सात मात्रांच्या भागात तर तो असा वाजवतो की मागखातं एका माणसानं अंगावर घेतलंय. सरांनी गिरीशची गिटार जोडली, आवाज जोडला, आणि आपला कीबोर्ड खाली खाली नेत पुसून टाकला. त्याची एक प्रत वाईला गेली. दोन दिवसांनी गिरीशचा शेजारच्या दुकानात फोन आला. तो एवढंच म्हणाला, सर, ड्रम राहू देत.

पुण्याच्या माणसानं ती कॅसेट परत पाठवली. इतकं लांब गाणं कोण ऐकणार, म्हणाला. त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. कारण तोवर गाणं कुणासाठी चाललं होतं ते आम्हाला ठाऊक होतं.

रहिमतपूरला सर आणि मी गेलो. सरांनी टेपरेकॉर्डर पिशवीतून नेला होता, तोच, दत्ताला दिलेला. घरात तात्या आणि बँडमधला त्यांचा जुना सोबती होता. सरांनी गाणं लावलं. माग वाजले, तास पडला, ड्रम सुरू झाला. तात्यांची बोटं मांडीवर चालायला लागली. दुसरा भाग आला, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्यात ते नुसते डोलत होते. संपल्यावर म्हणाले, "माप बरोबर हाय. कुनाला बसवला?"

"दत्ताच आहे. त्या दिवशीचाच."

ते वाकून टेपरेकॉर्डरकडं बघायला लागले. सोबत्यानं विचारलं, आवं मग तवा पळत का व्हता. सर म्हणाले, तो पळत नव्हता, भरताना वेग बिघडला होता, आता तो दुरुस्त करून घेतलाय.

तात्या कलावंत माणूस. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. ते एकेक शब्द चाचपत बोलले.

"सेल जुनं व्हतं. त्यानं काय व्हतंय का, सर?"

मी सरांकडं बघितलं. इतकी वर्षं पोरांना शिकवलेला माणूस. मशीन कधी खोटं बोलत नाही.

"सेलानं काही होत नाही," सर म्हणाले. "माझ्या मशीनची मोटर ढिली होती. द्यायच्या आधी बघायला पाहिजे होती. बघितली नाही."

 आतून दत्ताच्या आईच्या बांगड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"म्हंजी पोरगं बरोबर व्हतं," तात्या म्हणाले.

"पहिल्यापासून."

"मी त्याला खुळखुळा दिला." मग सरळ सरांच्या डोळ्यांत बघून, आवाज न चढवता, "तुमच्या मशीनपायी."

सरांनी मान खाली घातली. तात्या उठून उभे राहिले. "कॅसेट ठिवा," ते म्हणाले. "मशीन घिऊन जावा."

परतीच्या गाडीत मी सरांशी भांडलो. आवाज खाली ठेवून, दात खाऊन. तुम्ही खोटं बोललात. ज्यानं न तपासता पोराला शिक्षा दिली त्याला त्याची चूक कळायला नको? मग आम्ही कशासाठी छापतो, कशासाठी भिंती रंगवतो? सर पिशवी मांडीवर घेऊन खिडकीतून उसाच्या मळ्यांकडं बघत होते. कऱ्हाड मागं पडल्यावर बोलले.

"दत्ता बरोबर होता हे त्यांना कळलं. तेवढं खरं त्यांचं होतं, ते मी नेऊन दिलं. सेल त्यांनी मायेनं काढून दिले होते. ते सांगून मी त्यांना काय देणार होतो?"

"पण ते खरं आहे."

"आहे ना. पत्रकात छाप. कुणाच्या घरात नेताना मात्र चपला काढाव्या लागतात." मग ते म्हणाले, "तात्या आहेत तोवर कुठं बोलू नकोस."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण मी बोललो नाही.

बातमी बँडवाल्यांत पसरली. तात्यांच्या सोबत्यानं ती रहिमतपूरहून कोरेगावला नेली, तिथून ती कऱ्हाडला, इस्लामपूरला गेली. नंदूसरांच्या ढिल्या मशीननं तात्यांच्या पोराचं नाव घालवलं. पोराला ते घेऊन मरावं लागलं. माणसं दुरुस्तीला दुसरीकडं जायला लागली. सरांच्या ओसरीवर एरवी अँप्लिफायरांची चळत असायची, ती ओसरी रिकामी झाली. वहिनींनी तिथं तुळशीची कुंडी आणून ठेवली. आयटीआयमधल्या एका पोरानं वर्गात तोंडावर विचारलं, सर, खरंय का? सर खरं आहे म्हणाले आणि फळ्यावर मोटरीची आकृती काढून कुठला भाग ढिला होऊ शकतो ते शिकवलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सांगलीत. आम्ही बसस्थानकाजवळ भडंगवाल्याच्या दुकानापाशी उभे होतो. समोरून वरात आली, आणि तात्यांचाच बँड. तात्या पुढं, आता पाठीत वाकलेले, क्लॅरिओनेट तोंडाला. मागं हातगाडीवर कर्णे, आणि माइक धरून गाणारा एक पोरगा. आमच्यासमोर येताच कर्ण्यातला आवाज फरफरला आणि बंद पडला. बँडवाल्यांनी गाडी थांबवली, कुणी अँप्लिफायरवर थापा मारल्या, कुणी वायर उपटून परत खोचली. सर मान कलती करून उभे होते.

"मागची अर्थिंगची वायर सुटलीय," ते हळूच म्हणाले. "नुसती दाबून धरली तरी चालेल."

"मग जा ना, सर."

बँडमधल्या दोघांनी सरांना ओळखलं होतं आणि तोंड फिरवलं होतं. पण सर त्यांच्यामुळे मागं राहिले नव्हते.

"माझ्या हातानं ते चालू झालं," सर म्हणाले, "तर तात्या पुन्हा सेलांचा विचार करत बसतील."

ते दुकानाच्या आत सरकले, भडंगाच्या पोत्यांआड, तात्यांची नजर पडू नये अशा जागी. खिशातल्या टेस्टरवर त्यांचा हात होता. वरात तशीच पुढं निघाली, कर्ण्यांच्या आवाजाशिवाय, नुसत्या ड्रमवर आणि तात्यांच्या क्लॅरिओनेटवर. ती वळणाआड जाईपर्यंत सर तिथं उभे होते. मग म्हणाले, ड्रमवाला नवीन आहे, चांगला आहे.

पुढच्याच थंडीत सर गेले. तात्या या पावसाळ्यात गेले. आता बोलायला मी मोकळा आहे.

'रातपाळी' कधी दुकानात आली नाही. पण सातारा, वाई, सांगली, मिरज भागात पोरांनी एकमेकांकडून ती भरून घेतली आहे. तिच्यावर कुणाचंच नाव नसतं. कुणी गिरीशचं लिहितात, कुणी नुसतं 'मागाचं गाणं'. सरांचा तर त्यात एक सूरही नाही. तुमच्याकडं, तुमच्या भावाकडं, होस्टेलवरच्या कुणाकडं ती असेल, तर आज ती शोधून काढा. पेन घ्या आणि तिच्या कागदावर लिहा: ड्रम, दत्ता, रहिमतपूर. मिक्सिंग, नंदकुमार शेटे, माधवनगर. आणि त्याच्या खाली, वाचता येईल अशा अक्षरात, एवढं लिहा: मशीन चांगलं होतं.